ऑनलाइन विमान-रिलेसाठी सीमाभागातील एका संघाने केलेला सराव: एक प्रकरण अभ्यास

प्रस्तावना

संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सांघिक रिले शर्यत उडवण्यासाठी बेळगाव परिसरातील सहा जणांनी एका पावसाळ्यात जी तयारी केली, तिची ही नोंद आहे. संघातील व्यक्तींची ओळख राखण्यासाठी त्यांना येथे गावांवरून नावे दिली आहेत: चिक्कोडीकर, वडगावकर, निपाणीकर, शहापूरकर, खानापूरकर आणि चंदगडकर. यांपैकी चंदगडकर महाराष्ट्राच्या हद्दीत राहतात. बाकीचे पाच जण कर्नाटकात. समन्वयाचे काम उद्यमबागेतील एका फौंड्रीत पर्यवेक्षक असलेल्या गृहस्थांकडे होते, त्यांना उद्यमबागकर म्हणू. हवाई दलात विमान देखभालीच्या कामावर उभी हयात घालवून निवृत्त झालेले आणि बेळगावजवळच्या सांबऱ्यातच स्थायिक झालेले एक काका मार्गदर्शक होते. प्रस्तुत लेखकाकडे सरावाच्या नोंदी ठेवण्याचे काम होते, आणि पुढील मजकूर मुख्यतः त्या नोंदींवर आधारलेला आहे.

पार्श्वभूमी

शर्यतीचा मार्ग आयोजकांनी ठरवून दिलेला होता: तिरुवनंतपुरमहून निघून कोची, मंगळूरु, गोव्याचे दाबोळी, बेळगावचे सांबरा, कोल्हापूर आणि शेवटी पुणे. सरळ रेषेत मोजले तर हे सहा टप्पे मिळून सुमारे 676 सागरी मैल भरतात. त्यांत कोची ते मंगळूरु हा सर्वांत लांब, सुमारे 190 मैलांचा. दाबोळी ते सांबरा आणि सांबरा ते कोल्हापूर हे सर्वांत आखूड, पन्नासहून थोडे अधिक मैलांचे. विमान सर्वांना एकच, बीचक्राफ्ट बॅरन हे दोन पिस्टन इंजिनांचे. सिम्युलेटर मात्र ज्याचा त्याला निवडण्याची मुभा होती. वडगावकर आणि चंदगडकर 2020 चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर वापरत. शहापूरकर, खानापूरकर आणि चिक्कोडीकर यांच्याकडे एक्स-प्लेन 11 होते. निपाणीकर यांचा संगणक जुना असल्यामुळे ते 2006 मध्ये आलेल्या एफएसएक्सवरच (मायक्रोसॉफ्टच्याच सिम्युलेटरची जुनी आवृत्ती) उडत.

नियम थोडक्यात असे होते. बॅटन ही प्रत्यक्ष वस्तू नसून प्रत्येकाच्या संगणकावर चालणारा एक नोंद-प्रोग्राम ती 'धरून' असतो. बॅटन असलेल्या वैमानिकाने उतरून, धावपट्टीबाहेर येऊन, पार्किंग ब्रेक लावून दोन्ही इंजिने बंद केली की प्रोग्राम हिरवी खूण दाखवतो. ती दिसल्यावरच त्याच विमानतळावर थांबलेल्या पुढच्या वैमानिकाने इंजिने सुरू करायची. हवामान त्या क्षणाचे खरे घ्यायचे. उजेड मात्र दिवसाचा ठेवता येतो. काळ वेगाने पुढे ढकलण्याची सोय वापरायची नाही. एका टप्प्यावर बॅटनधारकाबरोबर एक पाठीराखा उडू शकतो, आणि धारकाचा संगणक किंवा नेट बंद पडल्यास तो असेल तिथून बॅटन पुढे नेऊ शकतो. एकाच वैमानिकाने लागोपाठ दोन टप्पे बॅटन न्यायची नाही. या शेवटच्या नियमाकडे संघातील प्रत्येकाने वाचताना मान डोलावली होती. त्याचे पुढे काय झाले ते निकालाच्या भागात येईल.

संघाचे सारे मन सांबऱ्यात गुंतलेले होते. 1942 मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेलेला हा विमानतळ त्यांच्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून कुंपणाबाहेरून पाहिलेला. आपल्या गावच्या धावपट्टीवर आपण बॅटन घेऊन उतरायचे, ही इच्छा संघ उभा राहण्यामागे होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

अडचण

पहिले काही आठवडे प्रत्येकाने आपापला टप्पा एकट्याने उडवून वेळ कमी करण्यावर भर दिला. कोणत्या उंचीवर वारा अनुकूल आहे, इंजिनाला इंधन-हवेचे मिश्रण किती पातळ द्यावे, इंधन किती कमी घेतले म्हणजे विमान हलके राहील, यांवर रोज चर्चा होई आणि ज्याचा त्याचा वेळ खरोखरच सुधारत होता. त्यानंतर आयोजकांनी सर्व संघांसाठी एक सामायिक चाचणी ठेवली. ती या संघाला फार जड गेली.

सुरुवातच चुकली. चाचणीची वेळ शनिवारी 19:00 यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अशी कळवलेली होती. भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास असल्याने ती आपल्याकडे शनिवार संपून रविवार लागल्यावर रात्री साडेबाराची होते. चिक्कोडीकर यांनी 'शनिवार रात्री साडेबारा' असे टिपून ठेवले आणि शुक्रवारची रात्र उलटल्यावर ते एकटेच तिरुवनंतपुरमच्या विमानतळावर इंजिने बंद करून बसून राहिले. दुसऱ्या रात्री, म्हणजे खऱ्या चाचणीच्या वेळी, ते गाढ झोपेत होते. फोन करून त्यांना उठवेपर्यंत इतर संघ हवेत गेले होते.

दुसरी गोष्ट सांबऱ्याला घडली, आणि ती तपशिलाने पाहण्यासारखी आहे. दाबोळी ते सांबरा हा टप्पा निपाणीकर उडवत होते. संघातील सर्वांत वेगवान वैमानिक तेच. पश्चिमेकडून येणाऱ्या विमानाला म्हादईचे खोरे आणि घाटमाथा ओलांडला की सांबऱ्याची 08 क्रमांकाची धावपट्टी (म्हणजे पूर्वेकडे तोंड करून उतरण्याची बाजू) जवळपास समोरच येते, त्यामुळे सरळ खाली उतरण्याचा मोह होतो. पावसाळ्यात मात्र वारा पश्चिमेकडून, म्हणजे विमानाच्या पाठीमागून येतो. नियमाप्रमाणे अशा वेळी विमानतळ ओलांडून, वळसा घेऊन उलट दिशेने 26 क्रमांकाच्या धावपट्टीवर, म्हणजे त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाने, वाऱ्याला तोंड देऊन उतरायचे असते. त्यात सुमारे चार मिनिटे जातात. निपाणीकर यांनी ती वाचवली.

त्याचा हिशेब असा. सांबऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून 2,487 फूट आहे. तिथे पावसाळ्यातल्या पंचवीस अंश तापमानात वेगदर्शकावर 100 नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) दिसत असताना हवेतील खरा वेग 106 नॉटच्या आसपास असतो. त्यात पाठचा वारा 15 नॉट धरला तर जमिनीच्या तुलनेत विमान 121 नॉटने टेकते. तोच वारा समोरून घेतला असता तर 91 नॉटने टेकले असते. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे हा फरक सुमारे पावणेदोन पट होतो. शिवाय दाबोळी समुद्राजवळ असल्याने तिथून निघालेल्या वैमानिकाची नजर समुद्रसपाटीच्या आकड्यांना सरावलेली असते. 7,500 फुटांवरून सांबऱ्याच्या फेरीच्या उंचीवर (उतरण्यापूर्वी विमानतळाभोवती ज्या उंचीवर उडतात ती), म्हणजे साधारण 3,500 वर यायला हजार फुटांना तीन मैल या हिशेबाने बारा मैल पुरतात, पण निपाणीकर यांनी उतरंड उशिरा सुरू केली आणि ते उंच आणि वेगात आले.

यापेक्षाही महत्त्वाची बाब नंतर उघडकीस आली. 2017 मध्ये नवे टर्मिनल झाले त्या विस्तारात सांबऱ्याची धावपट्टी 1,830 मीटरवरून 2,300 मीटर करण्यात आली. निपाणीकर यांच्या 2006 च्या सिम्युलेटरला ही वाढ ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्यांच्या हातातल्या नकाशावर 2,300 मीटर होते आणि पडद्यावर त्याहून 470 मीटर कमी. विमान धावपट्टीच्या टोकावरून पुढे गेले, प्रोग्रामने अपघाताची नोंद केली आणि टप्पा बाद झाला.

तिसरी अडचण वरवर पाहता किरकोळ होती, पण माझ्या मते खरे घोडे तिथेच अडत होते. प्रत्येक हस्तांतरात वेळ सांडत होता. मंगळूरुला वडगावकर उतरले तेव्हा पुढचा वैमानिक व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा निरोप शोधत होता आणि निरोप डिस्कॉर्ड या ऑनलाइन बोलण्याच्या अ‍ॅपवर पडलेला होता. दाबोळीला पुढचे विमान धावपट्टीच्या ज्या टोकाजवळ उभे होते त्याच्या नेमके दुसऱ्या टोकावरून उड्डाण करायचे होते. बॅटन मिळाल्यावर इंजिने सुरू करण्याची यादी शोधणे, वाऱ्याची दिशा विचारणे, कोणत्या धावपट्टीवरून निघायचे ते ठरवणे, हे सारे तेव्हा सुरू होई. चांगले हस्तांतर पाच-सहा मिनिटांत होऊ शकते असे नंतरच्या सरावात दिसले. चाचणीच्या रात्री एकही हस्तांतर दहा मिनिटांच्या आत झाले नाही.

पर्यायांचा विचार

चाचणीनंतरच्या रविवारी वडगावात बैठक झाली. पहिला सूर अर्थातच अधिक वेगाचा होता. त्यावर शहापूरकर यांनी कागदावर एक साधा हिशेब मांडला. त्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि संघातील सर्वांत लहान. सरासरी वेग 190 नॉटवरून 195 वर नेला, तर सबंध 676 मैलांत वाचतात साडेपाच मिनिटे. सांबऱ्याच्या टप्प्यावर तर अर्धा मिनिटसुद्धा नाही. हस्तांतरे मात्र पाच आहेत, आणि प्रत्येकात चार-पाच मिनिटे सांडत आहेत. हा हिशेब पाहिल्यावर बैठकीचा रोख बदलला. संपूर्ण प्रकरणातला हा पहिला निर्णयबिंदू मी मानतो, कारण यापुढे सरावाचा विषयच बदलला.

पहिला पर्याय होता सर्वांनी शर्यतीच्या रात्री एकत्र जमण्याचा. उद्यमबागकर यांच्या ओळखीने जनरेटर असलेली एक खोली मिळत होती. समोरासमोर बसल्यावर निरोपाचा प्रश्नच उरला नसता. पण सहा डेस्कटॉप पावसात हलवायचे, मध्यरात्रीपर्यंत थांबायचे, चिक्कोडी आणि चंदगडहून येणाऱ्यांनी परत कसे जायचे, शहापूरकर यांच्या घरून इतक्या उशिरापर्यंत बाहेर राहण्याची परवानगी मिळेल का, असे प्रश्न होते. त्यांत काकांनी एक भर घातली: सगळे एकाच खोलीत म्हणजे सगळे एकाच नेटच्या तारेवर, ती तुटली तर संघ संपला.

दुसरा पर्याय निपाणीकर यांना वर्गणी काढून नवा संगणक घेऊन देण्याचा. 2020 च्या सिम्युलेटरला पेलेल असा संगणक आणि ग्राफिक्स कार्ड यांचा खर्च संघाच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि निपाणीकर यांना स्वतःलाही तो उपकार नको होता. तिसरा पर्याय त्यांच्या जुन्या सिम्युलेटरमधील धावपट्टी फुकट मिळणाऱ्या संपादन साधनाने वाढवून घेण्याचा होता. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नव्हते. आयोजकांना विचारले असता, स्वतः बदललेले विमानतळ मान्य केले जाणार नाहीत, असे उत्तर आले. त्यामुळे तो मार्ग मिटला.

चौथा पर्याय घरूनच उडण्याचा, पण प्रत्येक टप्प्यावर पाठीराखा ठेवण्याचा आणि टप्प्यांची वाटणी नव्याने करण्याचा. या पर्यायाला मोठी किंमत होती: निपाणीकर यांना सांबरा सोडावा लागणार होता. मंगळूरु ते दाबोळी हा 158 मैलांचा टप्पा त्यांना द्यावा, कारण लांब पल्ल्यावर त्यांच्या काटेकोर उड्डाणाचा फायदा अधिक, आणि दाबोळीची धावपट्टी सांबऱ्यापेक्षा कितीतरी लांब असल्याने थोडी कमीजास्त झाली तरी जागा उरते, असा तर्क होता. तर्क बिनतोड होता, पण ऐकणाऱ्याला तो सोपा नव्हता.

"काका, सांबऱ्याला उतरायचं म्हणून तर मी या संघात आलो," निपाणीकर म्हणाले.

"माहीत आहे रे. पण तुझ्या पडद्यावरची पट्टी चारशे सत्तर मीटर आखूड आहे. ती आपण कुणीच वाढवू शकत नाही. तुझ्या हातात दोष असता तर मी तुला शिकवलं असतं."

काकांनी प्रश्न कौशल्याचा न ठेवता धावपट्टीचा ठेवला, म्हणून तो निर्णय पचला, असे मला वाटते. निपाणीकर काही वेळ गप्प राहिले, मग त्यांनी दाबोळीचा नकाशा मागून घेतला. सांबऱ्याचा टप्पा शहापूरकर यांच्याकडे गेला.

केलेली कृती

जोड्या लावताना एक निकष असा ठरला, जो सीमाभागात राहणाऱ्यांनाच सुचावा. पावसाळ्यात लाइट जाणे ही खानापूर भागात नित्याची गोष्ट. त्यामुळे धारक आणि पाठीराखा एकाच वीजवाहिनीवर किंवा एकाच नेटवाल्याकडे असता कामा नयेत. वडगाव आणि शहापूर शेजारी शेजारी असल्याने त्या दोघांची जोडी मोडली. चंदगडकर यांची वीज दुसऱ्या राज्याच्या कंपनीकडून येते, तेव्हा कर्नाटकाच्या बाजूला अंधार झाला तरी त्यांचा दिवा चालू राहण्याची शक्यता अधिक. म्हणून ज्यांच्याकडे लाइट सर्वाधिक जाते त्या खानापूरकर यांचे पाठीराखे चंदगडकर झाले. शेवटच्या टप्प्यावर चंदगडकर यांचे पाठीराखे चिक्कोडीकर. खानापूरकर यांच्या घरी इन्व्हर्टर होता, पण त्यावर राउटर आणि दिवे चालत. संगणकाचा भार तो घेत नसे, आणि यूपीएस जेमतेम विमान सरळ करण्यापुरता टिके.

सरावाची पद्धत मुळातून बदलली. पूर्ण टप्पे उडवणे जवळजवळ थांबले. त्याऐवजी देणाऱ्याने विमानतळापासून दहा मैलांवर हवेत सुरुवात करायची, उतरायचे, थांबायचे. घेणाऱ्याने निघून दहा मैल बाहेर जायचे, आणि लगेच भूमिका बदलून तेच पुन्हा. एका संध्याकाळी अशी अनेक हस्तांतरे होत, आणि ज्या गोष्टीचा सराव पूर्वी पूर्ण शर्यतीत एकदाच होई तिचा हात बसू लागला. घेणाऱ्याने कुठे उभे राहायचे हे वाऱ्यावरून आधी ठरवायचे, इंजिने सुरू करण्याची यादी छापून पडद्याशेजारी चिकटवायची, आणि बोलणे डिस्कॉर्डच्या एकाच खोलीत, हा नियम झाला. चिक्कोडीकर घरी कानडी बोलतात आणि घाईत त्यांच्या तोंडून कानडीच येई, ते चंदगडकर यांना उमगत नसे. म्हणून हस्तांतराची वाक्ये नेमकी ठरवून सर्वांनी पाठ केली. उतरणाऱ्याने दहा मैलांवर, उतरल्यावर आणि हिरवी खूण दिसल्यावर, अशी तीनदा वर्दी द्यायची. 'खूण हिरवी' हे ऐकल्याशिवाय घेणाऱ्याचा हात चावीकडे जाता कामा नये.

सांबऱ्याच्या धावपट्टीचा निर्णय वैमानिकाच्या हातून काढून समन्वयकाकडे दिला गेला. वीस मैलांवर उद्यमबागकर सांबऱ्याचे ताजे मेटार (विमानतळाचा ठरावीक वेळाने येणारा हवामान अहवाल) वाचतील. पाठचा वारा दहा नॉटच्या वर असेल तर 26, त्यावर चर्चा नाही. इथे एक बारकावा होता. 2020 चा सिम्युलेटर हवामान मेटेओब्ल्यू या हवामान कंपनीकडून घेतो, एक्स-प्लेन 11 नोआ या अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेकडून; एकाच क्षणी दोघांच्या पडद्यांवरचा वारा वेगळा असू शकतो. म्हणून निर्णय मेटारवरून, पण शेवटच्या पाच मैलांत वैमानिकाच्या स्वतःच्या पडद्यावर वेगळे दिसले तर उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याचा अधिकार त्याच्याकडेच, असे ठरले.

सरावातला सर्वांत मोलाचा भाग काकांच्या सूचनेतून आला. देखभालीच्या कामात पाळी बदलताना आधीचा माणूस नोंदवहीत सही करून, राहिलेले काम तोंडी सांगून मगच जातो, आणि घेणारा ते पुन्हा बोलून दाखवतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे केलेले होते. त्यांचा प्रश्न होता: आधीचा माणूस काहीच न सांगता नाहीसा झाला तर? त्यानंतर ते सरावाच्या मध्येच, कुणालाही न कळवता, एखाद्याला फोन करून संगणकाची पिन काढायला सांगत. पहिल्या वेळी पाठीराख्याला बराच काळ काही कळलेच नाही, कारण लाइट गेलेल्या माणसाचा आवाजही त्याच्याबरोबर गेलेला असतो. संकटाची सूचना म्हणून फक्त शांतता मिळते, आणि उड्डाणात शांतता तशीही असतेच. यावर तोडगा म्हणून प्रत्येक टप्प्यावर जमिनीवरच्या ठरावीक ठिकाणी वर्दी द्यायची असे ठरले. सांबरा-कोल्हापूर टप्प्यासाठी ती ठिकाणे संकेश्वर आणि निपाणी, कारण सरळ मार्ग जवळजवळ त्यांच्यावरूनच जातो.

दुसरा कठीण निर्णय म्हणजे किती वेळ थांबायचे. पाठीराख्याने लवकर बॅटन घेतली आणि धारक परत आला, तर एका वेळी दोन बॅटन नोंदल्या जाऊन टप्पा बाद होतो. उशिरा घेतली तर पाठीराखा ठेवण्याला अर्थ उरत नाही. खानापूरकर यांना किमान चार मिनिटे हवी होती, कारण लाइट कधी कधी लगेच परत येते. चंदगडकर एका मिनिटाच्या पक्षात होते. संगणक पुन्हा सुरू होऊन सिम्युलेटर उघडायलाच चार मिनिटांहून अधिक लागतात हे प्रत्यक्ष घड्याळ लावून पाहिल्यावर वाद मिटला: दोन मिनिटे, आणि बॅटन फिरल्याचा शब्द फक्त समन्वयकाचा. तो शब्द गेल्यावर धारक परत आला तरी त्याने गप्प राहायचे.

वेळापत्रकातून यूटीसी काढून टाकले गेले. उद्यमबागकर सर्व वेळा भारतीय घड्याळात, वारासह आणि 'शनिवार संपून रविवार लागताना' अशा शब्दांत कळवू लागले.

निकाल

शर्यत शनिवारी 15:00 यूटीसी, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला सुरू झाली. चिक्कोडीकर वेळेवर निघाले. कोची आणि मंगळूरुची हस्तांतरे सहा मिनिटांच्या आत झाली. निपाणीकर यांनी किनाऱ्याकडेने आणलेले विमान पावसातून दाबोळीच्या 26 वर उतरवले. संघातील त्या रात्रीचे सर्वांत नीटनेटके उड्डाण तेच होते, असे माझे मत आहे. सांबऱ्याचा वारा पश्चिमेचा आणि दहा नॉटच्या वर होता. उद्यमबागकर यांनी वीस मैलांवर 26 सांगितले आणि शहापूरकर यांनी निमूटपणे वळसा घेतला.

पाचव्या टप्प्यावर, रात्री साडेअकरानंतर, खानापूरकर सांबऱ्याहून निघाले आणि त्यांची संकेश्वरची वर्दी आली नाही. दोन मिनिटे पूर्ण झाल्यावर उद्यमबागकर म्हणाले, "चंदगडकर, बॅटन तुमच्याकडं." चंदगडकर यांनी तेच वाक्य परत उच्चारले आणि ते पुढे निघाले. सराव इथे तंतोतंत कामी आला. खानापूरकर यांनी इन्व्हर्टरवरच्या राउटरमुळे मोबाइलवरून थोड्याच वेळात खोलीत प्रवेश केला, पण ठरल्याप्रमाणे ते काही बोलले नाहीत.

निपाणी मागे पडल्यावर वडगावकर यांच्या लक्षात आले की सहावा टप्पा चंदगडकर यांचाच आहे, आणि लागोपाठ दोन टप्पे एकाच वैमानिकाने बॅटन न्यायची नाही. कोल्हापूरला चिक्कोडीकर पाठीराखे म्हणून उभे होतेच. बॅटन त्यांनाच घ्यावी लागणार होती. पण त्यांनी इंधन आणि जागा पाठीराख्याच्या हिशेबाने निवडली होती, आणि नियमाचा अर्थ खरोखर असाच आहे का यावर खोलीत चर्चा सुरू झाली. चंदगडकर उतरून हिरवी खूण आल्यावरही चर्चा संपली नव्हती. हे हस्तांतर पंधरा मिनिटांच्या पुढे गेले. चिक्कोडीकर पाठीराख्याविना पुण्याला सुखरूप पोहोचले. संघाने शर्यत पूर्ण केली आणि तो क्रमवारीत मधल्या फळीत राहिला.

वेगळे काय करता आले असते

जोड्या लावताना वीज आणि नेट यांचा विचार झाला, टप्प्यांच्या क्रमाचा झाला नाही. पुढच्या टप्प्याचा धारक हा आधीच्या टप्प्याचा पाठीराखा असू नये, हे नियम वाचून कागदावर साखळी मांडली असती तर दिसले असते. चंदगडकर यांना दुसरा टप्पा आणि पाचव्याचे पाठीराखेपण दिले असते, आणि वडगावकर यांना शेवटचा, तर विजेचा निकषही राखला गेला असता आणि नियमही. पिन काढण्याचा सराव दरवेळी एका हस्तांतरापाशी थांबत असे. बॅटन फिरल्यानंतर पुढच्या टप्प्याचे काय होते, हे कधी उडवून पाहिले गेले नाही. पुढच्या हंगामासाठी संघाने निदान दोन सलग टप्पे घेऊन हा सराव करावा, असे मी नोंदीत सुचवले आहे.

चाचणीच्या आधीच सिम्युलेटरमधील विमानतळांची माहिती ताडून पाहायला हवी होती. हे काम एका संध्याकाळचे आहे आणि ते या मार्गापुरते मर्यादित नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेला सिंधुदुर्ग किंवा जानेवारी 2023 पासूनचा गोव्याचा मोपा हे विमानतळ जुन्या सिम्युलेटरमध्ये मुळी नाहीच. आयोजकांनी दाबोळीऐवजी मोपा दिला असता तर निपाणीकर यांना तिथे उतरण्याची जागाच नव्हती. आयोजकांनीही सर्व मान्य सिम्युलेटरांत असलेलेच विमानतळ आणि त्यांतली सर्वांत आखूड धावपट्टी धरून मार्ग द्यावा, अशी विनंती संघाने त्यांना कळवली आहे.

दोन मिनिटांच्या मर्यादेबद्दल संघात अजून एकमत नाही. खानापूरकर यांचे म्हणणे आहे की नेट तुटणे आणि लाइट जाणे यांना एकच मोजमाप लावू नये, कारण नेट तुटले तरी विमान उडत राहते आणि नोंद-प्रोग्राम जोडणी परत आल्यावर फाइल पाठवू शकतो. मला त्यांचा मुद्दा रास्त वाटतो, पण समन्वयकाला दूरवरून या दोहोंतला फरक कळणार कसा, याचे उत्तर त्यात नाही. धारकाने मोबाइलवरून 'नेट' किंवा 'लाइट' असा एकच शब्द पाठवायचा, हा शहापूरकर यांचा प्रस्ताव सध्या सरावात तपासला जात आहे. शर्यतीच्या रात्री खानापूरकर यांचा मोबाइल किती लवकर खोलीत आला ते पाहता, तो चालण्यासारखा आहे.

सांबऱ्याचा टप्पा पुढच्या वेळी कुणाला द्यायचा हेही ठरलेले नाही. निपाणीकर हप्त्याने संगणक घेण्याच्या विचारात आहेत आणि शहापूरकर यांनी तो टप्पा त्यांच्यासाठी सोडण्याची तयारी दाखवली आहे. उद्यमबागकर यांनी मात्र अट घातली आहे की नव्या संगणकावर 26 चा वळसा घेऊन केलेली हस्तांतरे शहापूरकर यांच्या वेळेइतकी झाल्याशिवाय वाटणी बदलणार नाही, आणि ती अट निपाणीकर यांनी मान्य केली आहे.